बिनदोरीचा टेलिफोन

श्यामलाताईंचं नाशिकहून पत्र आलं, त्याला दोन उन्हाळे होऊन गेले होते. पत्र चार ओळींचं. 'राजाभाऊ, प्रेमाची बातमी तुम्हाला कोणी सांगितली, एवढंच कळवा. मी सांगितली नव्हती, हे निदान तुम्हाला तरी ठाऊक असेल.' राजाभाऊंनी ते पुस्तकांच्या कपाटात ठेवलं, आणि तेव्हापासून त्या कपाटातली पुस्तकं वाचणंच सोडून दिलं.

राजाभाऊ आखातात, सलव्यात, एकटे राहत. तेलाच्या कारखान्यात मापनयंत्रं दुरुस्त करत. बायको मुलांच्या शाळेसाठी पुण्याला. चारचौघांत त्यांना बोलायला सुचत नसे. सुचे ते घरी परतल्यावर. म्हणूनच की काय, चौऱ्याऐंशी साली त्यांनी बाजारातून बिनतारी बोलणं पकडणारा स्कॅनर आणला. डब्यावरचे लाल आकडे भराभर पळत आणि हवेत कुठे कोणी बोलत असलं की तिथे थांबत. बंदरावरचे क्रेनवाले एकमेकांवर खेकसत. टॅक्सीवाला फारूक हमखास रस्ता चुकून सरहद्दीच्या दिशेला लागे. "अरे फारूक, तू जहरा जा रहा है या बसरा?" असं ऑफिसातून कोणी ओरडलं की राजाभाऊ एकटेच पोट धरून हसत. तिथे त्यांना कोणी उत्तर मागत नसे, हेच मोठं सुख होतं.

त्याच वर्षी घरोघरी बिनदोरीच्या टेलिफोनचं खूळ आलं. रिसीव्हर हातात घेऊन गच्चीपर्यंत फिरता येई. ते बोलणंही स्कॅनर पकडतो, हे राजाभाऊंना कळलं ते एका दुपारी, समोरच्या इमारतीतल्या प्रेमाताईंच्या आवाजावरून.

"प्रेमा, रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह आहे गं!" पलीकडून श्यामलाताई सांगत होत्या. त्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होत्या आणि प्रेमाताई तिथेच नर्स.

"खरं सांगतेस?" प्रेमाताई रडायलाच लागल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली होती. "हरीशला सांगते. बाकी कोणाला नाही हं, तीन महिने होईपर्यंत."

"मी कशाला सांगतेय? जीभ हासडून ठेवीन."

डबा बंद करायला हवा होता. राजाभाऊंचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला. त्यांचेही डोळे भरून आले होते.

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नेहमीप्रमाणे रामभाऊंकडे मराठी मंडळी जमली. जेवणाची वेळ झाली तसं प्रेमाताईंनी मसालेभाताचं मोठं पातेलं उचलायला हात घातला. आयुष्यात कधी नव्हे ते राजाभाऊ सगळ्यांआधी बोलले.

"अहो प्रेमाताई, ठेवा ते! अशा दिवसांत जड उचलू नये."

रामभाऊंची बायको सुरेखा पळतच आली. "अगं बाई, प्रेमा! आणि आम्हाला पत्ता नाही? राजाभाऊंना ठाऊक, आणि आम्ही मेल्या परक्या!"

बायका हसल्या. प्रेमाताई हसल्या नाहीत. त्यांनी पापड तळणाऱ्या श्यामलाताईंकडे पाहिलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं, राजाभाऊ?" हरीशनं विचारलं.

"कळलं... कुठूनतरी," राजाभाऊ म्हणाले, आणि पानाकडे बघत राहिले.

तिसरा महिना भरायच्या आत प्रेमाताईंचा गर्भ पडला. यात कोणाचा दोष नसतो हे नर्स म्हणून त्यांना कळत होतं, पण राग कुठेतरी ठेवायला जागा लागते. त्यांनी श्यामलाताईंशी बोलणं टाकलं. "लॅबवाल्या बाईकडे नमुना द्यायचा म्हणजे पेपरात छापायला द्यायचं," असं शुक्रवारच्या बैठकींत कोणीतरी म्हणे आणि हशा पिकत असे. राजाभाऊ तिथेच बसलेले असत. दर वेळी घसा खाकरत आणि पाणी पीत. नोकरीचा करार संपताच श्यामलाताई नाशिकला निघून गेल्या, आणि मग ते पत्र आलं.

स्कॅनर मात्र चालूच राहिला. लाज वाटे, तरी चालू राहिला. आणि दोन उन्हाळ्यांनंतरच्या एका संध्याकाळी आकडे थांबले ते पुन्हा प्रेमाताईंवर. त्या आपल्या बहिणीशी बोलत होत्या.

"शामीची फार आठवण येते गं. पण तिनंच तोंड उघडलं, त्याला काय करू? एकदा चुकले म्हणाली असती, तर विसरले असते मी सगळं."

राजाभाऊंनी डबा बंद केला. जे कधी केलंच नाही, त्याबद्दल श्यामलाताई 'चुकले' कशा म्हणणार होत्या? त्यांनी कपाट उघडून पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हे नुसतं नाशिकला पाठवणं म्हणजे पुन्हा लपणंच. ते रस्ता ओलांडून गेले.

दारातच त्यांनी सगळं सांगून टाकलं. वाक्यं अडखळली, पण एकही गाळलं नाही; आजचंसुद्धा.

प्रेमाताईंनी दार अर्धवट पुढे ओढलं.

"म्हणजे मी रडले, तेही ऐकलंत."

"हो."

"आणि भरल्या घरात मी तिच्याकडे बघत होते, तेव्हा तुम्ही पानाकडे."

"हो."

"मोठे वाचणारे माणूस म्हणून तुमच्याकडे बोट दाखवत होते मी शेजाऱ्यांच्या पोरांना!" त्यांचा आवाज चिरकला. "माफी मागायला आला असाल, तर माझ्याकडे नाहीये ती आज."

"मागत नाही. तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून आलो."

"पत्र टाका तुमचं," त्या म्हणाल्या. "ते पोहोचेपर्यंत मला दम नाही निघायचा, मी फोन करीन तिला. पोस्टातल्या केबिनमधून करीन. घरून नाही." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात रांग होती. राजाभाऊंनी पाकीट खिशातून काढून हातात धरलं, पत्ता वर करून. 'मी चोरून ऐकलं होतं. तुम्ही काही बोलला नव्हता. मी गप्प बसलो,' असं आत लिहिलं होतं. त्यापुढे त्यांना काही सुचलं नव्हतं. काचेपलीकडच्या माणसानं तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.