ओपलबाईंचे कायोट

वेंडेल टास्करचा हिशेब एका ओळीत मांडायचा तर तोंड जमेला, कान खर्चाला. कायोटांना साद घालून बोलावण्याची विद्या आपल्याला बापाने पाळण्यातच दिली, असं तो सांगतो. बाप सिमेंटचा ट्रक चालवायचा. मोठ्याने हाक मारली तर स्वतःचं कुत्रंसुद्धा त्याच्याकडे यायचं नाही.

कायोट म्हणजे लांडग्याचा धाकटा, कोल्ह्याचा थोरला. अमेरिकेत, आमच्या वायोमिंगात मेंढ्या पाळायच्या तर तो बांधाला असायचाच, शेजाऱ्यासारखा. आवडो न आवडो. वेंडेलची चुलती ओपल टास्कर आमच्या पलीकडच्या कुरणावर एकटी राहते. तिच्या टेकडीवर कायोटांची एक जोडी कित्येक वर्षं मुक्काम करून होती. उंदीर खायची, टोळ खायची, गाडीखाली मेलेलं हरीण खायची, पण कोकराकडे ढुंकून बघायची नाही. वर, परक्या कायोटाला टेकडीवर पाय ठेवू द्यायची नाही ते वेगळंच. फुकटचे राखणदार! जुन्या मेंढपाळांचा नियमच आहे, जो कोकरू मारत नाही त्याला मारू नये; त्याच्या रिकाम्या जागेत कोण येईल याचा भरवसा नाही. म्हणून ओपलबाईंनी पुतण्याला तोंडावर सांगितलं होतं, "माझ्या कुंपणाच्या आत तुझा भोंगा वाजला तर कुत्री सोडीन अंगावर."

भोंगा म्हणजे वेंडेलची सगळी विद्या. आमची म्हातारी माणसं ओठाला लाकडी शिट्टी लावून सशाचं रडणं काढायची, की कायोट आयती शिकार समजून जवळ येतो. हा बटण दाबतो, आणि भोंग्यातून रेकॉर्ड केलेलं रडणं वाजतं.

फेब्रुवारीत गावात शिकारीची स्पर्धा असते. त्या दिवशी वेंडेल कुंपणाच्या बाहेर, सरकारी जमिनीवर बसला. भोंग्याचं तोंड मात्र चुलतीच्या टेकडीकडे. "आत नाही ना? मग झालं." सशाचं रडणं वाजवून काही हललं नाही, तेव्हा त्याने परक्या नराची आरोळी वाजवली. आपल्या घरात परका शिरला तर कोण गप्प बसेल? जोडी उघड्यावरून सरळ धावत आली, कुंपणाखालून बाहेर पडली, आणि त्याने दोघांनाही पाडलं. यात कसब किती? दार वाजवून घरधन्याला गोळी घालण्याइतकं.

बक्षीस म्हणून पट्ट्याचं चांदीचं बक्कल मिळालं, बशीएवढं. ते छातीशी धरून त्याने भाषण ठोकलं. "यंदा माझ्या काकूचं एक कोकरू जरी गेलं ना, तर त्या कायोटाचा निकाल लागेपर्यंत मी तिथून हलणार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कॉफी स्पर्धावाल्यांची फुकट होती.

मे महिन्यात मेंढ्या व्यायल्या आणि रिकाम्या टेकडीवर नवे कायोट आले. रोज सकाळी एखादं कोकरू गळ्याला भोकं पडलेलं सापडायचं. ओपलबाईंचा कळप लहान. कोकरं अशीच गेली तर उरलेल्या मेंढ्या विकायच्या आणि लांब फिनिक्स शहरात मुलीच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहायचं. मुलीने खोलीला रंगही देऊन ठेवला होता. बाईंना त्या खोलीची मरणापेक्षा जास्त धास्ती.

रविवारी चर्च सुटल्यावर अख्खं गाव पॅनकेक खायला हॉटेलात बसतं. बाई तिथेच आल्या.

"वेंडेल, ऊठ."

"अरे, काकू! बस ना. पॅनकेक सांगू तुला?"

"कोकरं मरतायत माझी. तू हलणार नव्हतास ना? चल, कुठून हलायचं नाही ती जागा दाखवते."

"आज? आज जरा मला..."

"जा रे राजा," शेजारच्या टेबलावरून गॅरेजवाला अर्विन म्हणाला. "बक्कल घालून जा. बघूनच डोळे दिपतील त्यांचे."

एवढ्या हशात नाही म्हणायची छाती वेंडेलकडे नव्हती. गेला. कुरणातल्या मेंढपाळाच्या चाकांवरच्या खोपटात त्याने बिऱ्हाड मांडलं. पानापानांचे कपडे, तोंडाला काळं, आणि गालाला ते दाढीनंतरचं वासाचं पाणी, ते काही सुटेना. पहिल्याच सकाळी तो पश्चिमेला तोंड करून सशाचं रडणं वाजवत बसला. नवे कायोट त्याच्यासारख्या दहाजणांच्या हातून निसटलेले असावेत. भोंगा ऐकून ते लांबून वळसा घालून वारा त्याचा वास नेत होता त्या अंगाला आले, वास घेतला, आणि त्याला सोडून कळपाच्या दुसऱ्या टोकाचं कोकरू घेऊन गेले. त्याच्या पाठीमागे.

"तू शिकार करतोस की त्यांना जेवणाची घंटा देतोस?" बाईंनी विचारलं.

"शहाणी जात आहे काकू, वेळ लागतो."

"दे तो भोंगा इकडे."

"मग मी करू काय?"

"काही करू नकोस, ते तुला जमेल. नुसता कोकरांजवळ बस. तुझा वास आला की ते फिरकत नाहीत, एवढं बघितलंय मी. ते गालाचं पाणी लाव, चांगलं ओंजळभर लाव. आणि वारा फिरला की खुर्ची फिरव."

असा आमचा विजेता बुजगावणं झाला. वारा फिरेल तशी खुर्ची उचलून कळपाभोवती हिंडायचा. कोकरं मरायची थांबली. लोक मुद्दाम त्या रस्त्याने गाड्या नेऊन हॉर्न वाजवायचे. वेंडेल मात्र ज्याला-त्याला सांगायचा, "माझं नाव पोचलंय त्यांच्यापर्यंत." नाव नाही रे बाबा, वास.

नवे कायोट कंटाळून नदीकडे सरकले. जून सरता सरता टेकडीवर तिसरीच जोडी दिसू लागली. बाई रोज दुर्बिणीतून त्यांना बघायच्या आणि संध्याकाळी कोकरं मोजायच्या. एका सकाळी ती जोडी भर उजेडात, कोकरांच्या मधून चालत आली. एका कोकराने मान वर केली, परत चरू लागलं. मादीने उडी मारून उंदीर धरला.

वेंडेलने बंदूक खांद्याला लावली. "काकू! समोर आहेत दोघंही!"

बाई कॉफीचा कप घेऊन मागेच उभ्या होत्या. "दिसतायत मला. झाड गोळी."

"झाडू?"

"झाड की. मग पुढच्या मे महिन्यात हीच खुर्ची. रविवारी मीच येईन तुला उठवायला, सगळ्यांदेखत."

त्याने बराच वेळ नेम धरून ठेवला. मग बंदूक खाली आली. त्याला काही समजलं असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. तो फक्त खुर्चीला भ्यायला. पण गोळी सुटली नाही, आणि आमच्याकडे तेवढंच मोजतात.

दुपारी बाईंनी त्याला घरी पाठवलं आणि मुलीला फोन लावला. "त्या खोलीत शिवणाचं मशीन मांड," म्हणाल्या, "मी काही येत नाही."