दोन खिळ्यांवरचं पान

सलूनमध्ये खुर्च्या दोन, न्हावी दोन, धर्म दोन आणि आरसा एक. थोरल्या धर्माचा न्हावी ताडमाड म्हणून लांब्या, धाकट्या धर्माचा डाव्या हातानं वस्तरा चालवायचा म्हणून डावऱ्या. कोणतं गिऱ्हाईक कुणाच्या खुर्चीत बसतं यावरून लांब्या माणसाची किंमत करायचा. गर्दी असतानाही डावऱ्याची खुर्ची रिकामी ठेवून ताटकळणारे त्याच्या खात्यात उणे बाजूला जात.

वस्तऱ्यावरचा फेस पुसायला रद्दीचे तुकडे लागत. रोज सकाळी कालचा पेपर फाडून दोन खिळ्यांना अडकवायचं काम लांब्याचं. हा नियम डावऱ्याचाच.

"तुमच्या देवाचं वचन कुठे छापलंय ते मला काय कळणार? तूच बघ, तूच फाड. माझी मान मला लागते अजून."

"तुझ्या मानेला गिऱ्हाईक कोण?"

"म्हणून तर जपतोय ना!"

त्या सकाळी सिमेंटवाला शेठ पहिला आला. बाजाराचा पुढारी, बुटका, मिश्यांना काळा कलप. लांब्याच्या खुर्चीत बसून तो जावयाच्या उचापती सांगत होता. आणि लांब्या, फुकटची करमणूक कधी न सोडणारा, ऐकता ऐकता पेपर फाडत होता. न बघता. शेठची हनुवटी गुळगुळीत झाली, मिश्यांच्या कडा कोरून झाल्या, शेठ गेला.

मग डावऱ्याच्या खुर्चीत एक कारकून बसला. अर्धी दाढी झाली असताना त्यानं खिळ्यावरच्या तुकड्याकडे पाहिलं आणि किंचाळत उठला. "वचन! यानं वचनाला फेस पुसला!"

तो तुकडा उपसून अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर धावला. बाजाराला एवढं पुरे होतं. वचनाच्या अवमानाला कायद्यात फाशी होती. पण फाशीला कोर्ट लागतं, साक्षी लागतात. गर्दीला नुसते हात लागतात.

डावऱ्याला केसांना धरून बाहेर ओढलं. पहिल्या लाथेत त्याचे दात गेले. लांब्या उंबऱ्यात उभा होता. डोक्यात बेरीज चालली होती: बायको, लग्नाची मुलगी, म्हातारी आई. एका बाजूला तिघी, दुसऱ्या बाजूला जोडीदार.

"पेपर मी फाडला," तो म्हणाला. इतकं हळू, की त्याचं त्यालाच धड ऐकू आलं नाही.

तेवढ्यात शेठ आला. मागे गोदामातले हमाल, हातात सळई. "कोणत्या हातानं पुसलं रे?" त्यानं विचारलं. उत्तराची वाट कोण बघतो? दोघांनी डावऱ्याचा उजवा हात पायरीवर दाबून धरला. सळई खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. तिसऱ्या वेळी वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

आता लांब्या ओरडला. "मी फाडला! पेपर मी फाडतो, रोज! याला सोडा!"

"अरे, आपला माणूस आहे," शेठ गर्दीला समजावत म्हणाला. "दोस्तीपायी बोलतोय. बाजूला घ्या त्याला." कुणीतरी लांब्याला प्रेमानं बाजूला केलं. दुसरं कुणी स्कूटरमधून बाटलीत पेट्रोल काढत होतं.

खरं सांगून भागत नाही हे लांब्याला तेव्हा उमगलं. आपल्या माणसाचा गुन्हा गर्दीला नकोच होता. तो आत धावला आणि स्वतःच्या खिळ्यावरचा वापरलेला तुकडा काढून बाहेर आला.

"कारकून, तुझ्या हातातलं पान दाखव. याला जोड."

फाटलेल्या कडा बरोबर जुळल्या. वचन एका तुकड्यावर सुरू होत होतं, दुसऱ्यावर संपत होतं. आणि जिथे संपत होतं तिथे वाळका फेस होता, त्यात कलप लावलेले काळे, आखूड केस.

"शेठ, तुमचेच ना?"

शेठनं झडप घातली. लांब्यानं हात वर केला. बुटक्या शेठनं दोन उड्या मारल्या, हात पुरेना. आणि पुरला असता तरी काय? फाडायची सोय नव्हती, जाळायची नव्हती, खिशात कोंबायची तर मुळीच नव्हती.

गर्दी शेठच्या गुळगुळीत हनुवटीकडे बघू लागली. "शेठ, सकाळी इथेच होता ना?" बाटलीवाल्यानं विचारलं. बाटली अजून उघडीच होती.

शेठचा हात हनुवटीवर गेला. "नजरचूक असेल," तो म्हणाला.

"मग याचीही नजरचूक," लांब्या म्हणाला.

पेटलेली गर्दी अशी सुखासुखी विझत नाही. कुणीतरी सळई उचलून लांब्याच्या कानशिलात हाणली, दुसऱ्यानं आरसा फोडला. पण पेट्रोल कुणावर ओतायचं हे कुणालाच ठरवता येईना, आणि तेवढ्यात पोलिसांची गाडी आली.

फौजदारानं दोन्ही तुकडे पाहिले. "लिहितो. पण लिहिलं तर तीन नावं लिहावी लागतील. काय शेठ?"

शेठ जमिनीकडे बघत म्हणाला, "गर्दीत कागद सापडला नाही म्हणा." फौजदारानं तुकडे घडी करून टोपीत, डोक्यावर ठेवले. अवमान नको.

इस्पितळात डावऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. लांब्याच्या एका कानातून रक्त येत होतं, म्हणून तो धड कान डावऱ्याकडे करून बसला.

"गाढवांनी उजवा मोडला," डावऱ्या सुजलेल्या तोंडानं म्हणाला. "नाव विचारलं असतं तरी कळलं असतं."

लांब्याला हसू फुटलं. डावऱ्यालाही. मग डावऱ्या थांबला.

"तू पहिल्यांदा बोललास ना, उंबऱ्यातून, ते मी ऐकलं होतं."

लांब्यानं उशाजवळचं फडकं उचललं.

"हात तेव्हा धड होता माझा."

लांब्यानं ते ओलं केलं आणि डावऱ्याच्या गालावरचा, सकाळपासून वाळलेला दुसऱ्याच्या दाढीचा फेस आणि त्यात मिसळलेलं रक्त पुसायला घेतलं. डावऱ्यानं तोंड फिरवलं नाही. पण डोळेही मिटले नाहीत.