दंडघेर

सुनेच्या डाव्या दंडाभोवती टेप गुंडाळून सासूबाईंनी ती चिमटीत धरली आणि त्यांचं बोट जागच्या जागी थांबलं.

दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीतल्या काडीएवढं काहीतरी होतं. सरळ आणि ताठ. बोट पुढे गेलं, परत आलं. काडी तिथेच होती.

"गुदगुल्या होतात, आई," म्हणत सुनेनं हात ओढून घेतला. टेप खाली पडली.

गल्लीतल्या निम्म्या बायका सासूबाईंकडे कपडे शिवायच्या. पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला "सोडा श्वास, टेप काही चावत नाही" म्हणणाऱ्या त्या. कुणाला दिवस गेलेत हे नवऱ्याआधी यांच्या टेपेला कळतं, अशी बायका थट्टा करायच्या. असली काडी त्यांच्या बोटाला याआधी एकदाच लागली होती, दवाखान्यातल्या नर्सच्या दंडात. ती हसत म्हणाली होती, "घाबरू नका हो. तीन वर्षं मूल राहू नये म्हणून बसवून घेतलीय. नको वाटली की काढायची, पुन्हा वाट मोकळी." काय एकेक निघतं बाई, म्हणून सासूबाईंनी ते शेजारणीलाही कौतुकानं सांगितलं होतं.

आता मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गेलं वर्षभर सुनेनं काय खावं, कधी झोपावं, जिना किती चढावा याचा त्यांनी कीस पाडला होता. उरल्यासुरल्या कापडाची झबलीसुद्धा शिवून ठेवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मशीनवरचं कापड त्यांनी बाजूला सारलं.

"कधी बसवलंस हे?"

"मागच्या वर्षी. टाके दाखवायला गेले होते तेव्हा."

"म्हणजे बाळ जाऊन महिनाही..."

"हो."

"आणि मी इकडे रोज विचारतेय! रोज! माझ्या तोंडावर 'बघू, आई' म्हणायचीस तू. लाज नाही वाटली?"

सून खाली पडलेल्या टेपेकडे बघत राहिली.

"मला मरायचं नाहीये, आई."

दूध संपलंय म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात ती हे म्हणाली. सासूबाईंना ते आधी नीट कळलंच नाही.

"रक्त थांबत नव्हतं," सून सांगू लागली. "डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, ही हातची जातेय म्हणून. मला सगळं ऐकू येत होतं. घरी आले, तर तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, लवकर दुसरं होऊ दे, म्हणजे विसरशील."

म्हणाल्या होत्या खऱ्या, आणि मायेनंच म्हणाल्या होत्या. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून त्या बाळासाठी ऊर फुटेस्तोवर रडल्या होत्या. सुनेचंही काही खरं नाही असं कुणीतरी बाहेर येऊन सांगून गेलं होतं, पण ते नुसतं कानावरून गेलं होतं. ते आज, वर्षानंतर, त्यांच्या पोटात शिरलं.

"त्याला माहीत आहे?"

"नाही. ह्यांना सांगू नका. ह्यांनाही मूल हवंय, तुमच्यासारखंच."

तेवढ्यात मुलगा चहाचे कप घेऊन दारात आला. सुट्टीच्या दिवशीचा चहा त्याचा असे, आणि साखर हमखास जास्त. सासूबाईंनी घाईघाईनं टेप उचलून गळ्यात टाकली. पोटच्या पोरापासून काही लपवायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"भाचीच्या लग्नातल्या ड्रेसची मापं घेतेय," त्या उगाचच मोठ्यानं म्हणाल्या. "बाह्यांचं काही ठरत नाहीये हिचं."

"लांबच ठेव, कोपरापर्यंत." त्यानं बायकोच्या हातात कप दिला. "हात वर केला की डाव्या दंडावर दिसतं ते."

सून कप मशीनवर ठेवून स्टुलावर बसली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कधीचंच. रोज तुझा हात माझ्या उशाशी असतो." त्याची मान खाली होती. "तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो होतो."

"मग परवा आईंना म्हणालात की, आम्हालाही घाई आहे!"

"मग काय म्हणणार होतो मी?"

सासूबाई एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिल्या.

"अरे, पण मला सांगायचं होतं की. मी काय खाणार होते का तुम्हाला?"

मुलाची नजर मशीनशेजारच्या फळीकडे गेली आणि चोरासारखी परत आली. फळीवर झबली होती. पिवळी, निळी, ठिपक्यांची, टीचभर बाह्यांची, घडी घालून एकावर एक रचलेली. ती शिवताना मशीनचा आवाज सगळ्या घराला ऐकू जात होता, हे सासूबाईंच्या कधी मनातच आलं नव्हतं.

चहा निवला. त्यावर साय धरली. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"ऊठ. माप राहिलंय."

सून उठली आणि तिनं भीतभीत हात पुढे केला. सासूबाईंनी खांद्यापासून कोपरापर्यंत टेप धरली आणि खडूनं कापडाच्या कडेला आकडा लिहिला. दंडघेर मात्र त्यांनी अंदाजानंच लिहिला, बोट न लावता, चांगला दोन बोटं सैल.