डॉ. बोरकुटे यांचा बारावा लेख

सदाशिव पेठेत माझे पुस्तकबांधणीचे दुकान आहे. विद्यार्थ्यांचे प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधून त्यांवर सोनेरी अक्षरे उठवणे, हा माझा व्यवसाय होय. भूगर्भशास्त्राचे प्रपाठक डॉ. अनंत बोरकुटे हे सन दोन हजार एकमध्ये आपल्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध घेऊन प्रथम माझ्याकडे आले. तत्पूर्वी आमची ओळख नव्हती. पुढील हकिकत समजण्यासाठी वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

सर मूळचे चंद्रपूरकडचे, राहण्यास बिबवेवाडीत. त्यांना बंद जागेचे भय होते. लिफ्टमध्ये ते पाऊल टाकत नसत आणि माझ्या दुकानातही आत न येता उंबऱ्याबाहेरील स्टुलावर बसत. आयुष्यभर त्यांनी जांभ्या दगडावर संशोधन केले व अकरा लेख प्रसिद्ध केले. ते अकराही लेख मी त्यांना एका ग्रंथात बांधून दिले होते. तो ग्रंथ हातात घेतल्यावर त्यांनी कितीतरी वेळ नुसता पुठ्ठ्यावरून हात फिरवला होता.

सन दोन हजार सहामध्ये त्यांची प्राध्यापकपदासाठी मुलाखत ठरली. काळ पालटला होता. लेख किती लिहिले, यापेक्षा ते जगात किती जणांनी आपल्या लेखांत आधारास घेतले, याची आता विचारणा होत असे, व ती माहिती संगणकावर मिळत असे. माझी कन्या तरन्नुम ही हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस आहे. एका रविवारी तिने दुकानातील संगणकावर सरांचे नाव टाकले. सर नेहमीप्रमाणे बाहेर स्टुलावर होते.

"अभिनंदन, सर," ती आतून म्हणाली. "तुमचे अकरा लेख आजवर फक्त तुम्हीच वाचलेले दिसतात."

"माझ्या बायकोने एक वाचला होता," सर म्हणाले. "तिला झोप येत नव्हती तेव्हा."

तरन्नुम हसली. पण ते हसू मध्येच विरले. "सर, हा बारावा कोणता? 'कात्रजच्या भुयारी नळातील हवेचा प्रवाह', सन एकोणीसशे चौऱ्याण्णव. ह्याला चारशेच्या वर सायटेशन आहेत."

सर स्टुलावरून उठले, उंबऱ्यापर्यंत आले व तेथेच थांबले.

"तो लेख मी लिहिलेला नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सर्व प्रकार सांगितला. चौऱ्याण्णव साली नोकरीसाठी अर्ज करताना, प्रसिद्धीच्या वाटेवर असलेला लेख म्हणून त्यांनी मनातील एका विषयाचे नाव यादीत घातले होते. त्या काळी सगळेच घालत. नाव आधी, लेख सवडीने. पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणण्यासाठी बांधलेल्या दगडी नळात माणूस वाकून चालू शकतो. त्यात उतरून हवा मोजावी, असा त्यांचा मनसुबा होता. परंतु तोंडाशी जाऊन आतला अंधार पाहताच ते परत फिरले. लेख राहिला तो राहिला. पुढे कोण्या सहकाऱ्याने ते नाव त्यांच्या यादीतून उचलून आपल्या लेखाखाली घातले असावे.

"न वाचता दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलायचे, ही आमच्याकडची जुनी रीत," सर म्हणाले. "एकाचे पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने. चारशे झाले असतील."

"नुसते नाव उचललेले नाही, सर. आतला मजकूर दिलाय," तरन्नुम म्हणाली, व तिने एकेक उतारा आम्हांस मराठीत सांगितला.

झोपेच्या विकारांवर लिहिणाऱ्या एका डॉक्टराने म्हटले होते की, बोरकुटे यांच्या निरीक्षणानुसार नळातील हवा पहाटे आत जाते, सायंकाळी बाहेर येते आणि मधे एकदा पूर्णपणे थांबते. मधमाश्यांच्या पोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी लिहिले होते की, थांबण्यापूर्वी ती कोमट होते. चर्चमधील मोठ्या वाद्यांच्या नळ्यांविषयी लिहिणारा कोणी म्हणत होता की, हवा थांबलेली असताना आत उभ्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. संगणकांच्या खोल्या थंड ठेवणाऱ्या अभियंत्यांनी तर नळाचे मापही दिले होते.

"ही मंडळी एकमेकांना ओळखत नाहीत. खंड वेगळे, विषय वेगळे," तरन्नुम म्हणाली. "लोक थापा मारतात तेव्हा त्या एकमेकींशी जुळत नाहीत, सर. ह्या जुळतात."

समोरच्या क्लासमधून मुलांचा घोळका बाहेर पडला, रस्ताभर कलकल झाली, ती ओसरल्यावर सर मला म्हणाले, "शमशुद्दीनभाई, मी समितीपुढे खरे सांगणार आहे. मला पद मिळायचे तर माझ्या अकरा लेखांवर मिळू दे. ह्या बाराव्यावर नको."

"सर, चारशेवर कोणी पाणी सोडते का?" तरन्नुमने विचारले.

"त्या चारशेतला एकही माझ्याकडे आलेला नाही, बेटा. ते दुसऱ्याच कोणाकडे गेलेत." मग ते पुन्हा माझ्याकडे वळले. "तुम्ही एक करा. तो लेख माझा नाही, हे ध्यानात ठेवा. उद्या मीच उलटे बोलू लागलो, तरी मला अडवा. एका तरी माणसाला हे ठाऊक असले पाहिजे."

मी त्यांना शब्द दिला. असे काही बोलण्याची वेळ त्यांच्यावर का यावी, हे मला तेव्हा उमगले नाही.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी सर थेट दुकानाशी आले. त्यांच्या हातात टाचणी लावलेल्या पिवळट पानांचे एक टाचण होते.

"मी सांगितले त्यांना, हा लेख अस्तित्वातच नाही," ते म्हणाले. "तर कडेला बसलेल्या एक बाई म्हणाल्या, असे कसे, मी तो दरवर्षी वर्गात शिकवते. आणि पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला."

"मग?"

"मग काय. अध्यक्ष म्हणाले, 'बोरकुटे, पुण्यात विनय मिळत नाही. तुम्ही येताना गावाकडून घेऊन आलेले दिसता.' सगळे हसले. पद दिले मला."

मी ते टाचण हातात घेतले. कागदाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. टाचणीचा गंज प्रत्येक पानाच्या आरपार उतरला होता. असा गंज बसण्यास वर्षे लागतात. आतील नकाशा सरांच्या हातचा होता, ते नदी काढताना पेन उचलत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. इंग्रजी मजकूर मला नीट वाचता येईना, म्हणून तरन्नुमने शेवटचे पान वाचले. तिने ते एकदा मनात वाचले व नंतर मोठ्याने, काहीशा अनिच्छेने, सांगितले.

"अब्बा, इथे आभार मानलेत. 'नळात कंदील धरून मला सोबत करणारे सदाशिव पेठेतील पुस्तकबांधणीकार शमशुद्दीन यांचा मी ऋणी आहे.'"

लेखावर वर्ष चौऱ्याण्णव होते.

सर त्या दिवशी टाचण घरी घेऊन गेले. पुढे महिनाभर ते आले नाहीत. आले तेव्हा उंबरा ओलांडून सरळ आत शिरले व कागदांच्या थप्प्यांमधील अरुंद फटीत, जेथे मीसुद्धा अंग चोरून उभा राहतो, तेथे निवांत बसले.

"सर, आपल्याला आत चालते?" मी विचारले.

"भीती गेली ती तेव्हाच. नळात उतरलो त्या दिवशी."

"आपण उतरला नव्हता, सर. तोंडाशी जाऊन परत आला होता. आपणच सांगितलेत."

ते माझ्याकडे पाहू लागले. त्या नजरेत राग नव्हता. आजारी माणसाकडे पाहावे, तसे ते पाहत होते.

"शमशुद्दीनभाई, कंदील तुमच्याच तर हातात होता."

"मी आपल्याला शब्द दिला आहे, सर. तो लेख आपला नाही."

"असला शब्द मी कशाला मागेन?" ते हळूच म्हणाले. मग त्यांनी आपला जुना ग्रंथ पिशवीतून काढला. त्यातील अकरा लेख काढून टाकावेत व हा एकच लेख बांधून द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. ते अकरा कोणाचे आहेत, हे त्यांना नक्की आठवत नव्हते. मी ते काम घेतले नाही, तेव्हा ग्रंथ तेथेच टाकून ते गेले व मी तो फळीवर ठेवला. तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाला परत पाठवण्याचा तो माझा पहिला प्रसंग.

घरी मी ही गोष्ट पत्नीस, सुगराबीस, सांगितली. आमचे घरातील बोलणे दखनीत चालते. ते येथे मराठीत देतो.

"त्यांचं खरं आहे की," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "तुम्ही जात होता त्या मास्तरांबरोबर. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून यायचा. मी केवढी बोलले होते, ते बरं विसरलात."

"तेव्हा आमची ओळखही नव्हती, सुगरा."

"मग चिखल कुठून यायचा?" तिने विचारले व पोळी तव्यावर टाकली.

आता सर दर आठवड्याला येतात. सुटाबुटात असतात, परदेशी पाहुणे सोबत असतात. त्या पाहुण्यांना ते माझ्याकडे बोट दाखवून सांगतात की, हाच तो माणूस. पाहुणे माझा हात हातात घेतात. मी प्रत्येक वेळी सांगतो की, मी तेथे नव्हतो व सरही नव्हते. सर त्यांना इंग्रजीत काही समजावतात आणि पाहुणे मान हलवून माझ्या खांद्यावर थोपटतात. अलीकडे तरन्नुमही म्हणू लागली आहे, "अब्बा, हो म्हणून टाका. कोणाचं काय बिघडतं?"

मी हो म्हणणार नाही. ज्या माणसाने माझ्याकडून शब्द घेतला, तो आता कोठेच उरलेला नाही, आणि त्याचे जांभ्या दगडावरील अकरा लेख माझ्या दुकानातील फळीखेरीज कोठे सापडतील असे वाटत नाही. सबब ही हकिकत मी लिहून ठेवत आहे. मी त्या नळात कधीही उतरलो नाही.

परवा दुपारी पुठ्ठे चिकटवण्याची लेई ढवळताना मात्र मला एकाएकी आठवले की, कंदिलाची कडी तापली होती, म्हणून मी ती रुमालात गुंडाळून धरली होती. सर पुढे वाकून चालले होते आणि त्यांच्या सदऱ्याची शिवण पाठीवर बोटभर उसवलेली होती. बाहेर पडल्यावर सांगू, असे मी मनाशी म्हटले होते.