निवडुंगाची तहान

स्वयंपाकघराच्या भिंतीला पुन्हा पोपडे आले होते. बाबा पत्र्याने ते खरवडत होते. मागच्या दाराशी नव्या फरश्यांची चळत तयार होती. त्याच भिंतीला बाहेरून लागून विटांनी बांधलेला वाफा होता आणि त्यात भिंगरीचा निवडुंग. बोटाएवढा तुकडा लावला होता तिने, आता तो तिच्या कमरेला लागत होता. पण हल्ली तो सुरकुतला होता आणि एका अंगाला कलला होता.

"आज वाफा काढायचा आणि तिथे फरशी घालायची," बाबा म्हणाले. "झाड गेल्यातच जमा आहे."

"गेलं नाहीये, तहानलंय!" भिंगरीचा आवाज चिरकला. "रोज तांब्याभर पाणी घालते मी, तरीसुद्धा."

ओट्याशी चहा पीत बसलेल्या आत्याने मान वर केली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. जन्मभर लहान मुलांना शिकवल्यामुळे सरळ उत्तर देण्याची सवयच मोडलेली.

"रोज पाणी मिळतं आणि तरी तहान? गंमतच आहे. चल, त्यालाच विचारू."

"ताई, मला दुपारच्या आत सिमेंट कालवायचंय."

"कालव की, लांबीवाले! आम्ही काय तुझं घमेलं धरून ठेवलंय?"

पोपडे काढायचे, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, वर रंग मारायचा, हा बाबांचा दर सुट्टीचा उद्योग. त्यावरून आत्याने ठेवलेलं हे नाव.

वाफ्यातली माती वरून ठणठणीत कोरडी होती. भिंगरीने बोट खुपसलं, तर नुसती धूळ लागली. आत्याने तिला बांबूची लांब काडी दिली.

"तळापर्यंत जाऊ दे. आता हळूच काढ."

काडी वरून कोरडी होती, पण खालचा अर्धा भाग काळा आणि चिखलाने माखलेला. भिंगरीने वास घेतला आणि नाक दाबलं.

"शी! गटारासारखा येतोय!"

"मुळं कुजली असतील. कुजलेल्या मुळांना पाणी पिता येईल का?"

भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे मीच मारलं त्याला?"

"रोज तांब्या जरा जास्तच झाला, ते खरं. पण पाणी खाली निघून जायला हवं होतं ना? ते अडलं कुठे, ते शोध."

भिंगरी वाफ्याभोवती रांगली. तळाशी एका विटेच्या जागी सिमेंटचा करडा ठिपका होता. तिने तो नखाने खरवडून पाहिला. मग एकदम उठून आत धावली, पोपड्यांकडे बघितलं आणि पुन्हा बाहेर आली.

"आत्या, सुतळी!"

बाहेर खिडकीच्या चौकटीपासून वाफ्यातल्या मातीपर्यंत तिने सुतळी मापली. तीच सुतळी आत नेऊन चौकटीपासून खाली सोडली. टोक बरोबर तिथे टेकलं, जिथून पोपडे सुरू होत होते.

"बाबा, भिंत बाहेरून पाणी पितेय! वाफ्याचं भोक कोणी बुजवलं?"

बाबांच्या हातातला पत्रा थांबला. "मी. चिखलाचं पाणी येऊन अंगण घाण व्हायचं."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," आत्या म्हणाली. "वर्षभर भिंतीला लांबी चाटवतोयस!"

बाबांना हसू आवरेना. छिन्नी-हातोडा घेऊन त्यांनी ते भोक मोकळं केलं, तशी काळपट पाण्याची धार लागली. मग त्यांनी निवडुंग उपसला. बुडखा मऊ पडला होता. आत्या धारदार सुरीने चकत्या काढत गेली. तपकिरी, तपकिरी, पुन्हा तपकिरी. भिंगरीने श्वास रोखला. पुढची चकती स्वच्छ निघाली, कडेला हिरवी आणि आत पांढरी.

"जिवंत आहे! लावू लगेच?"

"तुझा गुडघा फुटतो तेव्हा काय करतेस?"

"खपली धरू देते."

"मग त्यालाही धरू दे. सावलीत, पाण्याशिवाय."

"आणि नंतर वाफ्याच्या तळाला काय घालायचं? पाणी सरकायला खडे लागतील," बाबा स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी चळतीतली एक कोरी फरशी उचलली, क्षणभर पाहिली, गोणपाटात गुंडाळली आणि हातोडा हाणला.

भिंगरी दुसरी फरशी पोटाशी धरून उभीच होती. "ही मी फोडू?"