चौदा नंबरचं हाड

मित्रांनो, घाबरू नका. मी हाड आहे, भूत नाही. दंडाचं जुनं हाड, खांद्यापासून कोपरापर्यंतचं. डॉक्टर घडवणाऱ्या एका कॉलेजात, हाडांच्या खोलीत मी राहतो. माझ्या अंगावर चौदा आकडा घातलाय. पांढरं हाड म्हणजे गुळगुळीत काठी, असं तुम्हाला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढा. माझ्या अंगावर इतक्या खाचाखोचा आहेत की वाचत बसलात तर दुपार सरेल.

चला, तुमचा उजवा दंड चाचपा. खांद्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला मध्यावर जो जाड स्नायू संपतो ना, तिथं माझ्या अंगावर एक खडबडीत चट्टा आहे. स्नायू तिथं घट्ट धरून असतो आणि जन्मभर ओढत राहतो. ओढून ओढून हाड खरखरीत होतं. माझा चट्टा चांगला ठसठशीत आहे, कारण माझा माणूस गवंडी होता. छताला गिलावा करायचा. हात वर, दिवसभर वर! संध्याकाळी घरी आला की बायकोला म्हणायचा, "दंड माझा राहिलाच नाही गं." मी आतून म्हणायचो, अरे बाबा, तुझाच आहे, मी पाहतोय ना!

माझ्या पाठीवरून एक तिरकी पन्हळ जाते. तिच्यातून मनगट उचलणारी नस जाते. ती दुखावली तर पंजा लुळा पडतो. खाली कोपराच्या आतल्या बाजूला एक टोकदार उंचवटा आहे. कोपर टेबलाला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? त्या उंचवट्यामागून जाणाऱ्या दुसऱ्या एका नसेची ती करामत. बदनाम मात्र मी होतो. आणि अंगात एक बारीक भोकही आहे, टाचणीच्या टोकाएवढं. त्यातून रक्त यायचं आणि मला जेवू घालायचं. आता त्यातून काहीच येत नाही. तरी कुणी नवं पोर ते भोक शोधून "अरे, हे बघ!" म्हणून ओरडलं की मला अजून बरं वाटतं.

गवंडी म्हातारा होऊन गेला. मेल्यावर माझं शरीर शिकणाऱ्यांना द्या, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. अशा रीतीनं मी इथं आलो. सुरुवातीची वर्षं सुखाची होती. पोरं मला हातात घेत, फिरवत, बोटांनी चाचपत. आमच्या खोलीत हाडं पुसून खोक्यात लावायचं काम मावशींकडे. त्या शाळेत फार गेल्या नव्हत्या, पण उजवी हाडं उजव्या खोक्यात आणि डावी डाव्या खोक्यात न बघता टाकायच्या.

मग आले रंगारी सर. हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि प्रेमानं ठेवलेलं. तेव्हा ते तरुण होते, हौशी होते. स्नायू जिथून निघतो तिथं लाल रंग आणि जिथं जाऊन चिकटतो तिथं निळा, अशी आमच्या धंद्यातली रीत आहे. सरांनी एका सुट्टीच्या दिवशी पुस्तक उघडं ठेवून एका बैठकीत वीस हाडं रंगवली. अठरावं की एकोणिसावं हाड मी. त्यांचे डोळे मिटायला लागले होते. पुस्तकात डाव्या हाडाचं पुढून काढलेलं चित्र होतं. उजवं हाड पाठीकडून बघितलं की खांद्यात बसणारा वरचा गोळा त्याच बाजूला दिसतो. झालं! सरांनी पुढचे स्नायू माझ्या पाठीवर काढले, वरून "डावं" असं लिहिलं आणि चकचकीत वॉर्निश मारलं. कोपराजवळ माझ्या मागच्या खळग्यात लाल रंगाचा थर साचला. मी बोंबलून सांगितलं असतं, पण तोंडाचं हाड मी नव्हे.

तेव्हापासून सगळ्यांनी मला चाचपायचंच सोडलं. पोरं रंग बघायची, पाठ करायची आणि ठेवून द्यायची. चौदा नंबर डावं, असं मोठी पोरं धाकट्यांना सांगायची. मावशी मला उजव्याच खोक्यात टाकायच्या, पण त्यांना विचारतंय कोण! इतकी वर्षं मी डावा होतो, मित्रांनो! मला रंग चढवला म्हणून मी मिरवायला हवं होतं, पण मला गुदमरायला व्हायचं.

मग मुंगी आली. लहानखुरी, कमी बोलणारी, सतत कामात, म्हणून वर्गानं तिला मुंगी म्हटलं. तिला चित्रं लक्षात राहत नसत. मधल्या सुट्टीत ती हाडांच्या खोलीत येऊन बसायची. मावशी तिला म्हणाल्या, "पोरी, रंगाकडे बघूच नकोस. डोळे मीट. वरचा गोळा छातीकडे धर. खाली मोठा खळगा लागतो ना, त्यात अंगठा टाक. तो खळगा मागे गेला पाहिजे. मग हाड ज्या हाताला लागेल, त्या हाताचं."

मुंगीनं मला धरलं. किती वर्षांनी कुणाचा तरी अंगठा त्या खळग्यात आला!

पुढच्याच महिन्यात तोंडी परीक्षा होती. सरांनी तिच्या हातात मलाच दिलं. ती म्हणाली, "उजवं."

"रंग दिसत नाहीत का?" सर म्हणाले. "लिहिलंय ना वर? बस खाली."

त्या एका 'बस खाली'नं ती पार गोंधळून गेली. पुढच्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिला देता आलं नाही आणि ती नापास झाली. आधी एकदा ती आजारपणामुळे नापास झालेलीच होती. आता तिसरी आणि शेवटची संधी उरली. ती गेली तर कॉलेज सोडायचं, डॉक्टर होणं विसरायचं. ती खोलीत येऊन मला समोर ठेवायची आणि पुटपुटायची, "चौदा नंबर डावं, चौदा नंबर डावं." तिचा अंगठा मात्र खळग्यातच असायचा. मला इतकं वाईट वाटायचं की काय सांगू.

शेवटच्या परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. सर शेजारी बसले होते. बाईंनी ट्रेमध्ये हात घातला आणि नेमका मीच वर आलो. आता आली का पंचाईत!

"कोणत्या बाजूचं?" बाईंनी विचारलं.

मुंगीनं मला दोन्ही हातांनी धरलं. सर पुढे झुकून हळूच म्हणाले, "घाई करू नकोस. रंग नीट बघ." खरं सांगतो, त्यांना मनापासून तिला पास करायचं होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त, आणि तो माझ्यावर लिहिलेला होता.

तिनं सरांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले.

"उजवं," ती म्हणाली.

सरांनी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "याच्यावर तर डावं लिहिलंय."

"हो मॅडम. पण..." तिनं मला आपल्या डाव्या दंडाला लावलं. "डावं धरलं तर हा खळगा पुढे येतो. कोपराचं टोक त्यात बसतं, म्हणजे कोपरही पुढे येईल आणि हात उलटा मागे मिटेल. अशा माणसाला स्वतःच्या तोंडात घाससुद्धा घालता येणार नाही."

बाईंनी मला तिच्याकडून घेतलं आणि सरांच्या हातात दिलं. "तुम्ही धरून बघा."

सरांनी मला धरलं. रंगवल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला नुसतं बघितलं नाही, तर चाचपलं. अंगठा खळग्यात गेला आणि तिथंच थांबला.

"हे मी रंगवलंय," ते म्हणाले. मग मुंगीकडे वळून विचारलं, "मागच्या वेळीही तू हेच सांगितलं होतंस ना?"

"हो सर."

सरांनी मला जपून ट्रेमध्ये ठेवलं. बाईंनीच मग तिला पुढचे प्रश्न विचारले आणि तिनं एकेकाचं धडाधड उत्तर दिलं. पोरगी पास झाली!

त्या दुपारी सर स्वतः ब्लेड घेऊन माझ्यापाशी बसले. रंग निघताना अंग ओरबाडलं गेलं, काही ठिकाणी कायमचे ओरखडे राहिले. त्याचं मला काही वाटत नाही. शेवटी त्यांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाले, "किती पोरांना मी खाली बसवलं असेल?" ते मलाही माहीत नाही, मित्रांनो. मी मोजली नव्हती.

म्हणून तुम्हाला एवढंच मागणं. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, पण नुसतं रंगवून, लिहून, चकचकीत करून नव्हे. हातात घ्या, चाचपा. आणि समोरचं पोर तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर देत असेल, तर त्याला बस खाली म्हणण्याआधी ते हाड एकदा स्वतःच्या हातात घेऊन बघा.