तीनशे बारापैकी तीनशे नऊ

रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी जनसंपर्क अधिकारी होतो, म्हणजे गोड बोलण्याचा पगार घेत होतो. पेणला रामवाडीत घर. संध्याकाळी बायको विचारायची, ‘आज काय केलंत?’ आणि मला सांगण्यासारखं काही नसायचं. १९९५ च्या अखेरीस मात्र खरं काम मिळालं. वायुगळती झाली तर काय करायचं, हे आसपासच्या वाड्यांतल्या लोकांना शिकवायचं होतं.

माझ्या आधीच्या साहेबांनी पत्रकं वाटली होती. लोकांनी त्यांत सुकट बांधली. मी म्हटलं, देवाचं चित्र कोण फाडेल? पेणच्या एका मूर्तिशाळेतल्या गणपतीचा झकास फोटो घेतला, जाड पुठ्ठ्यावर छापला आणि खाली तारखांचा गठ्ठा लावला. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत पाच सूचना होत्या. लांब भोंगा झाला की नाकाला ओलं फडकं धरा, नदीकडे उतरू नका, टेकडीकडे चढा, वगैरे. आमचा वायू जड, तो खोलगट जागी साचतो. जानेवारीत कॅलेंडर घरोघर पोचलं.

मार्चमध्ये मॅनेजर म्हणाले, "मोहिमेचं मूल्यमापन हवंय. आकडा द्या."

मी दोन दिवस वाड्या पालथ्या घातल्या. घरात शिरायचं, भिंत बघायची, वहीत खूण करायची. तीनशे बारापैकी तीनशे नऊ घरांत गणपती लटकत होता. एका घरातला उंदरांनी खाल्ला होता, तेही मी नोंदवलं, एवढा मी काटेकोर. नव्व्याण्णव टक्के यश. हेड ऑफिसने पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी वायू गळला आणि लांब भोंगा झाला. बरीच माणसं शेतावर होती, वाराही शेतांकडून नदीकडे होता, म्हणून वाचली. नदीकाठच्या वाडीतला बाबाजी घरात एकटा होता. तो उठला आणि थेट नदीत उतरला. संध्याकाळी तिथेच गुदमरून मेलेला सापडला.

चौकशी बसली. मॅनेजरांनी माझाच आकडा काढून वाक्य लिहिलं, ‘मयताच्या घरी सूचना उपलब्ध होत्या; त्याने त्या पाळल्या नाहीत.’ मी सही केली. आकडा खरा होता, तरी काहीतरी खुपलं. कारण शोधायची माझी हिंमत नव्हती.

बाबाजी मला चांगला आठवत होता. मार्चमध्ये त्याने ‘बसा’ म्हणून घोंगडी पसरली होती, कोरा चहा दिला होता. सही केल्यापासून तो मला दिसायला लागला. कामावर जाता-येता निडी स्टेशनात गाडी थांबली की फलाटावरच्या कुणातरी म्हाताऱ्यात तोच असायचा, हात करून ‘बसा’ म्हणणारा. मी खिडकीकडे पाठ करून बसू लागलो. घरी जेवताना तेच कॅलेंडर लावलेल्या समोरच्या भिंतीकडे बघवेना. बायको म्हणाली, "एकदा त्यांच्या घरी जाऊन या. असं कुढून काय होणार?"

बारावं झाल्यावर गेलो. त्याची बायको काशीबाई भिंतीला टेकून बसली होती.

"सायेब, गावात बोलतात, कंपनीनं समदं सांगितलेलं, म्हातारा अडानी म्हनून मेला," ती म्हणाली. "तो अडानी नव्हता. पोथी वाचायचा. कुठं सांगितलेलं, तेवढं मला दाखवा."

गणपती तिच्या डोक्यावरच होता. रोजच्या कुंकवाने त्याचं कपाळ लाल झालं होतं. मी तो खिळ्यावरून उतरवला आणि उलटा केला. मागची बाजू छापखान्यातून आल्यासारखी नवी करकरीत होती.

"देवाच्या पाठीमागं कोन कशाला बघंल?" तिची सून सरू म्हणाली. सरू सातवी शिकलेली. तिने सूचना मोठ्याने वाचल्या. ‘नदीकडे उतरू नका’ हे काशीबाईने तिला पुन्हा वाचायला लावलं.

मग ती माझ्याकडे वळली. "शिमग्याच्या वक्ताला तुमी आलेलाव. म्हातारा घरातच होता."

"हो."

"तेला इचारलाव काय, भोंगा झाला तर कुठं जाशील?"

"नाही."

"इचारायचं हतं. नदीवर जाईन, असं तेनं सांगितलं असतं. डोलं झोंबलं तर मानूस पान्याकडंच जातो. तो काय लपवायचा नाय."

बाबाजी त्या दिवशी वालाच्या पिकाबद्दल बोलत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून भिंत बघत होतो. त्याचा जीव वाचवायला एक प्रश्न पुरला असता. मला माझी इतकी किळस आली की मान वर करवेना.

"चूक त्यांची नव्हती, माझी होती," मी म्हणालो. "चौकशीला तसं लिहून देतो."

"द्या. पन आदी शेजारी जाऊन इचारा."

शेजारी रघू पडवीत भात पाखडत होता. दोन पोरं त्याच्या पायाशी खेळत होती. मी चपलाही न काढता विचारलं, "रघू, उद्या भोंगा झाला तर कुठं जाल?"

"नदीवर," तो म्हणाला. "बाबाजी म्हातारा, तो उशिरा पोचला. आमी पोरांना घेऊन पलत जाऊ."